उपयुक्ततावाद

उपयुक्ततावाद : कोणत्याही कृतीची नैतिक योग्यायोग्यता तिच्या परिणामांवरून, म्हणजे तिच्यामुळे संबंधित सर्व व्यक्तींच्या सुखात वा हितात एकंदरीने किती भर पडते अथवा घट होते यावरून ठरते, असे प्रतिपादन करणारी नीतिशास्त्रीय उपपत्ती. ‘जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख’ हे सूत्र ह्या उपपत्तीचे सार म्हणून सामान्यतः सांगितले जाते. परंतु ते पुरेसे काटेकोर नाही. लोकांची संख्या आणि सुखाचे प्रमाण ही दोन्ही एकाच वेळी वाढविता येतीलच असे नाही आणि त्यांत विरोध आल्यास कशाला प्राधान्य द्यावे, हे सूत्रातून कळत नाही. म्हणून ह्या उपपत्तीचे घटक वेगवेगळे करून पाहणे इष्ट ठरते.

हे घटक तीन आहेत. पहिला परिणामवाद. कृती स्वरूपतः चांगली किंवा वाईट नसते. सत्यकथन, वचनपालन इत्यादींचे नैतिक मूल्य त्यांच्या परिणामांतून येते, असे हे मत आहे. दुसरा घटक हितवाद होय. परिणामांपैकी सजीवांच्या सुखदुःखाशी किंवा हिताहिताशी निगडित असलेलेच परिणाम नैतिक दृष्ट्या विचारात घ्यावयाचे असतात. तिसरा घटक समबुद्धीने केलेली बेरीज. राजाचे सुख आणि रंकाचे सुख समप्रमाण असेल, तर त्यांचे मोलही समान. प्रत्येकाची गणना एक म्हणूनच व्हावयाची, कोणाचीही एकाहून अधिक नाही. ह्या बेरजेतून जे एकूण फल मिळते ते ज्या पर्यायात सर्वाधिक, तो पर्याय निवडणे हे कर्तव्य ठरते.

ह्या उपपत्तीचे बळ आणि तिच्यातील अडचण ही दोन्ही एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येतील. समजा, बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या पठारावर अवर्षणाच्या वर्षी एका अधिकाऱ्याच्या हाती दिवसाकाठी पाण्याचा एकच टँकर आहे. सडकेलगतच्या मोठ्या गावाला त्याच्या तीन खेपा होऊ शकतात. डोंगरातल्या तांड्याला, वाट बिकट असल्यामुळे, एकच. उपयुक्ततावादी विचार करणारा अधिकारी गावाचे पुढारी कोण, तांड्यावरील लोकांची जात कोणती, मते किती, हे विचारणार नाही. कोणाची तहान किती आणि ती कोठे अधिक शमेल, एवढेच तो पाहील. ही निःपक्षपाती दृष्टी हे ह्या उपपत्तीचे बळ होय. परंतु हिशेब गावाच्या बाजूने निघाला, तर तांडा कोरडा ठेवणे हेच त्याचे कर्तव्य ठरेल काय, असा प्रश्न लगेच उद्भवतो. उपयुक्ततावादाचे जे निरनिराळे प्रकार पुढे निर्माण झाले, ते बहुतांशी ह्याच प्रश्नाला दिलेली निरनिराळी उत्तरे आहेत.

पूर्वेतिहास व बेंथॅम : सुख हेच साध्य होय, हे मत प्राचीन आहे. ग्रीसमधील एपिक्यूरस (इ. स. पू. ३४१–२७०) आणि भारतातील चार्वाक यांनी ते निरनिराळ्या स्वरूपांत मांडले. मात्र त्यांचा सुखवाद मुख्यतः स्वतःच्या सुखाचा विचार करणारा होता [→ सुखवाद]. सर्वांच्या सुखाची कसोटी १८ व्या शतकात पुढे आली. फ्रान्सिस हचिसन (१६९४–१७४६) ह्या स्कॉटलंडमधील तत्त्वज्ञाच्या १७२५ मधील ग्रंथात अधिकांच्या अधिक सुखाची कल्पना आढळते. डेव्हिड ह्यूम (१७११–७६) याने सद्‌गुणांचे मूल्य त्यांच्या उपयुक्ततेशी जोडले. फ्रेंच विचारवंत एल्व्हेस्यूस (१७१५–७१) आणि इटालियन दंडशास्त्रज्ञ बेक्कारिआ (१७३८–९४) यांनी तीच दृष्टी कायदा व शिक्षा यांना लावली.

ह्या विचारांना पद्धतशीर रूप दिले ते जेरेमी बेंथॅम (१७४८–१८३२) याने. ॲन इंट्रोडक्शन टू द प्रिन्सिपल्स ऑफ मॉरल्स अँड लेजिस्लेशन (१७८९) ह्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले, की निसर्गाने मानवाला सुख आणि दुःख ह्या दोन सत्तांच्या अधीन ठेवले असून आपण काय करतो व काय करावयास हवे, ही दोन्ही त्यांच्यावरूनच ठरतात. सुखाचे मोजमाप करण्यासाठी त्याने तीव्रता, टिकाऊपणा, निश्चितता, समीपता, जननक्षमता (त्यातून आणखी सुखे उद्भवण्याची शक्यता), शुद्धता (दुःखाच्या मिश्रणाचा अभाव) आणि व्याप्ती (किती लोकांपर्यंत ते पोहोचते) अशा सात बाजू सांगितल्या. सुखासुखांत बेंथॅमने प्रमाणाचा भेद मानला, प्रतीचा मानला नाही. त्याचा मुख्य रोख कायद्यावर होता. जी शिक्षा तिने टळणाऱ्या दुःखाहून अधिक दुःख निर्माण करते ती असमर्थनीय, ह्या त्याच्या तत्त्वामुळे इंग्लंडमधील दंडविधानाच्या सुधारणेला बळ मिळाले. पशूंनाही वेदना होतात, म्हणून त्यांचाही विचार नीतीत व्हावयास हवा, असेही त्याने सुचविले.

मिल, सिज्विक व मुर : जॉन स्ट्यूअर्ट मिल (१८०६–७३) याचे युटिलिटेरिअ‍ॅनिझम हे विवेचन १८६१ मध्ये नियतकालिकातून आणि १८६३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. बेंथॅमचा सिद्धांत माणसाला पशूच्या पातळीवर नेतो, ह्या आक्षेपाला उत्तर देताना मिलने सुखांत गुणात्मक भेद मानला. बौद्धिक, नैतिक व कलात्मक सुखे शारीरिक सुखांहून उच्च प्रतीची असतात आणि ज्यांनी दोन्ही प्रकारची सुखे अनुभवली आहेत, त्यांचा कौल ह्याबाबत प्रमाण मानावा, असे त्याचे म्हणणे. मात्र सुखाला प्रतीचा निकष लावताच सुखाखेरीज दुसरे काही मूल्य आपण गृहीत धरतो, अशी टीका त्याच्यावर झाली. लोक सुखाची इच्छा करतात, ह्यावरून सुख इष्ट असल्याचे सिद्ध होते, हा त्याचा युक्तिवादही वादग्रस्त ठरला. कारण लोक ज्याची इच्छा करतात आणि ज्याची इच्छा करणे योग्य आहे, त्या दोन भिन्न गोष्टी होत. ऑन लिबर्टी (१८५९) व द सब्जेक्शन ऑफ विमेन (१८६९) ह्या ग्रंथांत व्यक्तिस्वातंत्र्य व स्त्रियांचे समान हक्क यांचे मिलने केलेले समर्थनही अंतिमतः मानवाच्या विकासशील हितावरच आधारलेले आहे.

हेन्री सिज्विक (१८३८–१९००) याचा द मेथड्‌स ऑफ एथिक्स (१८७४) हा ग्रंथ ह्या परंपरेतील सर्वांत काटेकोर ग्रंथ समजला जातो. आपले व्यवहारातील नैतिक नियम बहुतांशी उपयुक्ततेच्या तत्त्वाशी सुसंगत आहेत, हे त्याने तपशिलाने दाखविले. परंतु स्वहित आणि सर्वांचे हित यांच्यात विरोध आल्यास स्वहिताचा त्याग करणे बुद्धिसंगत आहे हे केवळ बुद्धीच्या आधारे सिद्ध करता येत नाही, अशी कबुलीही त्याने दिली. जी. ई. मुर (१८७३–१९५८) याने प्रिन्सिपिआ एथिका (१९०३) ह्या ग्रंथात परिणामवाद मान्य केला, पण सुखवाद नाकारला. मैत्री, सौंदर्याचा आस्वाद इ. गोष्टी स्वतःच मूल्यवान असून त्यांची वाढ करणे हे कर्तव्य होय, असे त्याचे मत होते. ह्या मताला आदर्शवादी उपयुक्ततावाद म्हणतात. हेस्टिंग्ज रॅशडॉल (१८५८–१९२४) यानेही हेच मत पुरस्कारिले.

मुख्य प्रकार : (१) कृती-उपयुक्ततावाद व नियम-उपयुक्ततावाद : प्रत्येक कृतीची स्वतंत्रपणे परिणामांच्या कसोटीवर परीक्षा करावी, असे कृती-उपयुक्ततावाद मानतो. जे. जे. सी. स्मार्ट (१९२०–२०१२) हा त्याचा आधुनिक पुरस्कर्ता. नियम-उपयुक्ततावादानुसार उपयुक्ततेची कसोटी नियमांना लावावयाची असते आणि जे नियम सर्वांनी पाळल्यास अधिकात अधिक हित साधते, त्या नियमांना अनुसरून असलेली कृती योग्य ठरते. रिचर्ड ब्रँट (१९१०–९७) याने १९५९ मध्ये हा भेद ह्या नावांनी रूढ केला. तत्पूर्वी रॉय हॅरड, जे. ओ. अर्म्‌सन इत्यादींनी त्याची मांडणी केली होती. वरील उदाहरणात कृतिवादी अधिकारी दररोज सकाळी नवा हिशेब करील. नियमवादी अधिकारी ‘प्रत्येक वस्तीला आधी दरडोई किमान पाणी, मग उरलेले इतरांना’ असा नियम स्वीकारील. कारण असा नियम नसेल तेथे टँकर अखेरीस वशिल्याच्या दिशेने वळतो, हे अनुभवाने सिद्ध झालेले असते. मात्र एखाद्या विशिष्ट प्रसंगी नियम मोडल्यानेच अधिक हित साधत असेल, तर नियमवादी तो का पाळतो, असा प्रश्न स्मार्टने उपस्थित केला. नियम मोडला तर नियमवाद कृतिवादात विलीन होतो. न मोडला तर ती नियमांची निव्वळ पूजा ठरते. आर. एम. हेअर (१९१९–२००२) याने नित्याच्या व्यवहारासाठी नियमांची पातळी आणि नियमांची निवड करताना किंवा ते परस्परविरोधी ठरले असता चिकित्सक विचाराची पातळी, अशा दोन पातळ्या मानून ह्या पेचातून मार्ग काढण्याचा प्रयत्न केला.

(२) एकूण व सरासरी : सुखाची एकूण बेरीज वाढवावयाची, की दरडोई सरासरी? लोकसंख्या स्थिर असेल तर दोहोंत फरक पडत नाही. ती बदलते तेव्हा पडतो. एकूण सुखाच्या निकषानुसार जेमतेम जगण्यालायक आयुष्य कंठणाऱ्यांचा प्रचंड समूह थोड्या सुखी लोकांच्या समाजापेक्षा श्रेष्ठ ठरू शकतो. हा निष्कर्ष बुद्धीला न पटणारा असल्याचे डेरेक पारफिट (१९४२–२०१७) याने १९८४ मध्ये दाखवून दिले.

(३) नकारात्मक उपयुक्ततावाद : कार्ल पॉपर (१९०२–९४) याने १९४५ मध्ये असे सुचविले, की सुख वाढविण्यापेक्षा टाळता येण्याजोगे दुःख कमी करणे, ही सार्वजनिक धोरणाची कसोटी असावी. दुःखाची हाक तातडीची असते. सुखी माणसाच्या अधिक सुखाची मागणी तशी नसते. ह्या मताप्रमाणे तांड्याची तहान गावाच्या सोयीआधी येते. ते शेवटपर्यंत ताणल्यास सर्व सजीवांचा वेदनारहित नाश हाही दुःखनिवारणाचा मार्ग ठरेल, असा आक्षेप १९५८ मध्ये घेण्यात आला.

(४) पसंतीनिष्ठ उपयुक्ततावाद : सुख ही मनःस्थिती मोजता येत नाही, म्हणून लोकांच्या इच्छा वा पसंती किती प्रमाणात पुऱ्या होतात, हे पाहावे, असे अर्थशास्त्रज्ञ जॉन हर्सान्यी (१९२०–२०००) आणि तत्त्वज्ञ पीटर सिंगर (१९४६– ) यांनी मांडले. हर्सान्यीने अज्ञानातून आलेल्या, तसेच द्वेषमूलक इच्छा हिशेबातून वगळल्या. सिंगरने पुढे आपले मत बदलून सुखवादी उपयुक्ततावाद स्वीकारला.

महाराष्ट्रातील विचार व वाद : उपयुक्ततावाद महाराष्ट्रात प्रथम आला तो ग्रंथांतून नव्हे, तर राज्यकारभारातून. मिलचे वडील जेम्स मिल (१७७३–१८३६) हे १८१९ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत होते. स्वतः मिलनेही तेथे १८२३ ते १८५८ पर्यंत नोकरी केली. शेतसारा हा जमिनीच्या निव्वळ उत्पन्नातून, म्हणजे एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च व भांडवलावरील नफा वजा जाता उरणाऱ्या वाढाव्यातून घ्यावा, म्हणजे उत्पादनाला धक्का लागत नाही, असे ह्या पंथाच्या अर्थशास्त्राचे मत होते. आर. के. प्रिंगल ह्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात हे तत्त्व अंमलात आणले आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला. कागदावर निर्दोष दिसणारा हा हिशेब शेतावर कोसळला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचा खर्च व उत्पन्न अचूक ठरविणे अशक्य होते, हाताखालच्या नोकरांचे आकडे विश्वसनीय नव्हते आणि साऱ्याचा बोजा असह्य होऊन शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. अखेर १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात तात्त्विक हिशेब बाजूला ठेवून शेतकऱ्याला झेपेल असा माफक सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. हितबुद्धीने केलेला हिशेबदेखील ज्याच्या हिताचा तो आहे, त्याची स्थिती न जाणता केल्यास अहितकारक ठरतो, हा धडा ह्या प्रकरणातून मिळतो.

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांच्यावर मिल व स्पेन्सर यांच्या विचारांचा प्रभाव होता. १८८८ मध्ये सुरू केलेल्या सुधारक ह्या पत्रातून त्यांनी बालविवाह, केशवपन, सक्तीचे वैधव्य इ. रूढींची परीक्षा शास्त्राधार किंवा परंपरा यांवरून न करता त्या रूढींमुळे माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या सुखदुःखावरून केली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी दिलेला पाठिंबा ह्याच दृष्टीचा परिपाक होय.

उपयुक्ततावादाचे मराठीतील सर्वांत विस्तृत परीक्षण बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) यांनी गीतारहस्य (१९१५) ह्या ग्रंथाच्या ‘आधिभौतिक सुखवाद’ ह्या प्रकरणात केले आहे. केवळ स्वार्थापासून सर्वांच्या सुखापर्यंत सुखवादाच्या पायऱ्या सांगून अखेरची पायरी आधिभौतिक पक्षांत श्रेष्ठ असल्याचे त्यांनी मान्य केले. पण ती पुरेशी मानली नाही. त्यांचे आक्षेप मुख्यतः दोन. पहिला, केवळ संख्येवरून न्याय ठरत नाही. भारतीय युद्धात कौरवांचे सैन्य अकरा अक्षौहिणी व पांडवांचे सात होते. एवढ्यावरून कौरवांचा पक्ष न्याय्य होत नाही. दुसरा, बाह्य परिणाम सारखे असले, तरी कर्त्याच्या बुद्धीनुसार कृतीची योग्यता बदलते. म्हणून कर्त्याची साम्यबुद्धी हीच नीतीची खरी कसोटी होय. दुसऱ्या आक्षेपावर उपयुक्ततावाद्यांचे उत्तर असे, की हेतूवरून कर्त्याची योग्यता ठरते, कृतीची नव्हे. पहिल्या आक्षेपाला मात्र इतके सोपे उत्तर नाही.

भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी त्यांच्या निधनानंतर, १९८७ मध्ये, महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’ ह्या लेखनात धर्माची परीक्षा उपयुक्तता आणि न्याय अशा दोन स्वतंत्र कसोट्यांवर केली. प्राचीन समाजात समाज हा केंद्रस्थानी असल्याने उपयुक्तता ही योग्यायोग्यतेची कसोटी होती. आधुनिक समाजात व्यक्ती केंद्रस्थानी आल्याने न्याय ही कसोटी झाली, असे त्यांचे विवेचन आहे. न्याय ही उपयुक्ततेची पोटशाखा नसून तिच्या जोडीने उभी राहणारी कसोटी आहे, ही भूमिका त्यातून स्पष्ट होते.

उपयोजन : ह्या उपपत्तीचा कस सार्वजनिक धोरणात लागतो. बीड हा पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण जिल्हा असल्याने तेथील तीन प्रश्न उद्‌बोधक ठरतात.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना सुरू झाली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला व तो मुख्यतः शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्याकडून वसूल होऊ लागला. नोकरदाराच्या पगारातून गेलेल्या काही रुपयांनी त्याचे जेवढे सुख उणावते, त्याहून कितीतरी अधिक दुःख त्याच रुपयांमुळे दुष्काळी कामावरील मजुराचे कमी होते. संपत्ती वाढत जाते तसतशी तिच्या प्रत्येक वाढीव अंशाची उपयुक्तता घटत जाते, ह्या उपयुक्ततावादी तत्त्वाचे हे स्पष्ट उदाहरण होय. येथे बेरीज आणि न्याय एकाच दिशेने जातात.

पाण्याच्या वाटपात ती तशी जात नाहीत. गोदावरीवरील पैठण येथील जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरे झाले. त्याचा उजवा कालवा बीड जिल्ह्यातून जातो व सिंदफणेवरील माजलगाव जलाशयाला मिळतो. परंतु धरणात पाणी येते ते नासिक व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतून, जेथे दारणा, गंगापूर, भंडारदरा, मुळा इ. धरणे आहेत. तुटीच्या वर्षी वरचे पाणी वरच ठेवले, तर तेथील ऊस व फळबागा वाचतात आणि नदीच्या पात्रातून वाहून नेताना होणारी गळती टळते. पिकाच्या रुपयांत मोजल्यास असा निर्णय एखाद्या वर्षी अधिक उपयुक्त ठरू शकतो. दरवर्षी असा स्वतंत्र हिशेब करणे ही कृती-उपयुक्ततावादाची रीत. परंतु तसे केल्यास खालच्या खोऱ्यातील शेतकरी कधीच निश्चिंतपणे पीक घेऊ शकत नाही आणि प्रत्येक दुष्काळ हा दोन प्रदेशांतील तंटा होतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मध्ये तुटीची झळ खोऱ्यातील सर्वांनी समन्यायाने सोसावी हे तत्त्व नमूद झाले आणि त्याला अनुसरून प्राधिकरणाने २०१४ मध्ये जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र ठरवून दिले. हा नियम-उपयुक्ततावादाचा मार्ग होय. मात्र ‘समन्याय’ हा शब्द केवळ बेरजेतून निघत नाही, हेही येथे लक्षात ठेवावयास हवे.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पतिपत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि कामावर खाडा झाल्यास दंड कापला जातो. कोप्यांवर स्वच्छतागृहे व पुरेसे पाणी नसते. २०१९ मध्ये ह्या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांवर मोठ्या प्रमाणावर गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याचे उघडकीस आले. राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांवर, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांवर, ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. ह्या शस्त्रक्रियांमागे आजार, कर्करोगाची भीती, डॉक्टरांचा सल्ला अशी निरनिराळी कारणे होती; खाडा टळावा, मासिक पाळीचा त्रास संपावा, ही इच्छाही त्यांत होती. पसंतीच्या कसोटीने पाहिल्यास इच्छा होती व ती पुरी झाली, एवढेच दिसते. परंतु ती इच्छाच उचल, दंड आणि पाण्याचा अभाव यांनी घडविलेली होती. शौचालय, विश्रांती आणि दंडाविना रजा हे पर्याय जिच्यापुढे कधी आलेच नाहीत, तिच्या पसंतीवरून तिचे हित ठरविता येत नाही.

टीका : डब्ल्यू. डी. रॉस (१८७७–१९७१) याने १९३० मध्ये असे दाखविले, की वचनपालन, कृतज्ञता इ. कर्तव्यांचे बंधन परिणामांच्या आधीच आपल्यावर असते. जॉन रॉल्स (१९२१–२००२) याचा आक्षेप अधिक मूलगामी आहे. एखादी व्यक्ती उद्याच्या लाभासाठी आज कष्ट सोसते, हे शहाणपणाचे. परंतु तोच न्याय समाजाला लावून एकाच्या लाभासाठी दुसऱ्याने कष्ट सोसावे असे म्हणणे, म्हणजे व्यक्ती परस्परांहून भिन्न आहेत हेच विसरणे होय, असे त्याने अ थिअरी ऑफ जस्टिस (१९७१) मध्ये प्रतिपादिले. बर्नार्ड विल्यम्स (१९२९–२००३) याच्या मते ही उपपत्ती माणसाला त्याच्या स्वतःच्या निष्ठांपासून तोडते. अमर्त्य सेन (१९३३– ) यांनी असे निदर्शनास आणले, की दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे आपल्या इच्छा परिस्थितीच्या मापाने कापून घेतात. म्हणून समाधानाच्या मोजमापातून त्यांची वंचना दिसत नाही. माणसाला प्रत्यक्षात काय करता येते व काय होता येते, ह्या क्षमतांवरून हिताचा विचार व्हावा, असे त्यांचे मत आहे. वर सांगितलेला ऊसतोड स्त्रियांचा प्रश्न ह्या टीकेचे सामर्थ्य दाखवितो.

समारोप : ह्या टीकेनंतरही उपयुक्ततावाद त्याज्य ठरत नाही. रूढी, अधिकार व परंपरा यांना ‘ह्यात कोणाचे दुःख आहे?’ हा प्रश्न विचारण्याचे धैर्य त्याने दिले. दंडविधान, सार्वजनिक आरोग्य, दुष्काळनिवारण व प्राण्यांविषयीचे कर्तव्य यांबाबतचे आधुनिक विचार त्याच्या ऋणात आहेत. प्रत्येकाची गणना एक म्हणून व्हावी हे त्याचे तत्त्व आणि बेरजेत जे एकूण अधिक ते योग्य हे त्याचे सूत्र, ही दोन्ही एकच आहेत असे समजणे मात्र चुकीचे आहे. बेरीज झाल्यावर मोजलेला प्रत्येक जण तिच्यात दिसेनासा होतो. म्हणून हिशेब मांडताना दोन गोष्टी आवश्यक ठरतात : ज्यांचे दुःख कोणाच्याही वहीत नोंदलेले नाही त्यांना आधी मोजणे आणि एकूण फल काढल्यावर त्याची वाटणी कशी झाली, ते पुन्हा पाहणे. तांड्याकडे जाणारी टँकरची एक खेप योग्य आहे की नाही, हे ठरविताना गावाच्या तीन खेपांचा आकडा लागतो. पण केवळ त्या आकड्यावरून निर्णय होत नाही.